कायदा, काटकसर आणि हौशी गुप्तहेर : ‘द सायलेंट पॅसेंजर’ (१९३५) या ब्रिटिश रहस्यपटाचा ऐतिहासिक विचार

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या ब्रिटिश चित्रपटसृष्टीचा इतिहास लिहिताना कमी खर्चाच्या रहस्यपटांची बोळवण बहुधा एका वाक्यात केली जाते. कायद्याने सक्ती केली आणि अमेरिकी वितरकांनी ती कशीबशी पाळली, हे ते वाक्य होय. रेजिनाल्ड डेनहॅम दिग्दर्शित ‘द सायलेंट पॅसेंजर’ या बोलपटाच्या आधारे या विधानाची मर्यादा प्रस्तुत लेखात तपासली आहे.

१९२० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांत स्वदेशी चित्रपटांचे प्रमाण जेमतेम ५ टक्के उरले होते. १९२७ च्या सिनेमॅटोग्राफ फिल्म्स ॲक्टने प्रारंभी वितरकांवर साडेसात व चित्रपटगृहचालकांवर ५ टक्के ब्रिटिश चित्रपटांचे बंधन घातले. ते टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत जावयाचे होते. ‘ब्रिटिश’ या संज्ञेत साम्राज्यातील चित्रपटही अंतर्भूत होते. (साम्राज्यातील चित्रपटांना प्राधान्य देण्याचा प्रश्न भारतात १९२७-२८ च्या रंगाचारियार समितीपुढेही आला होता, समितीच्या अहवालाने ती कल्पना स्वीकारली नाही.)

अमेरिकी कंपन्यांच्या ब्रिटिश शाखा फुटाला सुमारे एक पौंड या दराने चित्रपट करवून घेत. ट्विकनहॅम येथील ज्युलियस हेगन यांच्या स्टुडिओत दिवसपाळी आणि रात्रपाळीत चित्रण चाले. अशा व्यवहारात रहस्यकथा सोयीची ठरली, हे उघड आहे. एक घर, मोजकी पात्रे आणि धावपळीऐवजी प्रश्नोत्तरे एवढ्यावर तिचे भागे. हौशी गुप्तहेर तर त्याहून सोयीचा. त्याच्यामागे पोलिसी यंत्रणेचा पसारा उभा करावा लागत नसे.

‘द सायलेंट पॅसेंजर’ मात्र या चौकटीत पुरता बसत नाही. फिनिक्स फिल्म्सने तो ईलिंग स्टुडिओत निर्माण केला आणि त्याचे वितरण असोसिएटेड ब्रिटिश फिल्म डिस्ट्रिब्यूटर्स या ब्रिटिश संस्थेने केले. अमेरिकी वितरकाची पळवाट हे कारण येथे लागू पडत नाही. शिवाय कथा डोरोथी सेयर्स यांनी खास पडद्यासाठी लिहिलेली होती. १९२३ च्या ‘हूज बॉडी?’ या कादंबरीतून वाचकांसमोर आलेला त्यांचा लॉर्ड पीटर विम्सी या चित्रपटात प्रथमच पडद्यावर अवतरला.

बदनामीची भीती घालून पैसे उकळणाऱ्या एका इसमाचा खून होतो आणि त्याचे प्रेत जॉन रायडर (जॉन लोडर) या प्रवाशाच्या ट्रंकेत सापडते. संशय साहजिकच रायडरवर येतो. विम्सी (पीटर हॅडन) त्याची बाजू घेतो. खुनी निघतो तो रेल्वेचाच पगारी गुप्तहेर. ही भूमिका पुढे शेक्सपिअरच्या नाटकांसाठी ख्यातनाम झालेल्या डोनल्ड वुल्फिट यांनी केली आहे. शेवटचा सामना इंजिनांच्या शेडमध्ये होतो.

या रचनेतील सामाजिक आशय दुर्लक्षिण्याजोगा नाही. तपासाची नोकरी करणारा माणूस खासगी हेतूपायी खून करतो. नोकरीची गरजच नसलेला सरदारपुत्र सत्य उघड करतो. वारसाहक्काने आलेली सुबत्ता येथे निःस्वार्थीपणाची हमी ठरते. आर्थिक मंदीतून अद्याप पुरत्या न सावरलेल्या समाजापुढे हे चित्र ठेवले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तथापि ही हमी पडद्यावर डळमळीत होते. हॅडन यांनी विम्सीला विनोदी वळण दिले. कादंबऱ्यांतील युद्धाने मनावर जखमा केलेला, व्यासंगी विम्सी त्यात हरवला. सेयर्स यांना हे रूप रुचले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘गॉडी नाइट’मधील विम्सी पाहता त्याचे नवल वाटत नाही. परिणामी वुल्फिट यांचा खुनीच अधिक वजनदार वाटतो. लेखिकेला अभिप्रेत नसलेला हा परिणाम इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण सरदारवर्गाविषयीचा आदर आणि त्याची थट्टा ही दोन्ही त्यात एकाच वेळी नोंदली गेली आहेत. केवळ सक्तीच्या कायद्याने त्याचा उलगडा होत नाही.

१९३८ च्या नव्या कायद्याने वेतनावरील किमान खर्चाची अट घालून फुटाला एक पौंडाचा जुना हिशेब मोडीत काढला. त्यानंतर १९४० मध्ये सेयर्स यांच्याच कथेवरचा ‘बसमन्स हनिमून’ आला. तो मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपनीच्या ब्रिटिश शाखेने इंग्लंडमध्ये काढला आणि त्यात विम्सीची भूमिका रॉबर्ट माँटगोमेरी या अमेरिकी नटाने केली.