रेणूंचे नकाशे आणि नकाशे काढणारे

मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग म्हणजे ऊतकाच्या पातळ कापावर कोणता रेणू नेमका कुठे आहे, हे त्याच्या वस्तुमानावरून ओळखून त्याचा नकाशा काढण्याची पद्धत. उंदराच्या मेंदूचा दहा-बारा मायक्रोमीटर जाडीचा काप काचपट्टीवर घेतात, त्यावर ठरावीक अंतराने लेसरचा किंवा आयनांचा मारा करतात आणि प्रत्येक ठिपक्यावरून उडालेल्या आयनांचे वस्तुमान मोजतात. एका ठिपक्याला एक वर्णपट मिळतो. असे हजारो ठिपके आपापल्या जागी मांडले, की एकाच मापनातून शेकडो रेणूंची चित्रे हाती येतात. रंगद्रव्य किंवा प्रतिपिंड वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना काय शोधायचे ते आधी ठरवावे लागते. इथे तशी गरज नसते. या पद्धतीचे आकर्षण त्यातच आहे आणि तिच्या बहुतेक अडचणींचे मूळही त्यातच.

या पद्धतीच्या इतिहासाचा मोठा भाग युरोपात घडला, आणि तोही कुठल्या एका शहरात नव्हे. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी 1910 च्या सुमारास पाहिले, की धातूच्या पृष्ठभागावर आयन आदळले की तिथून दुसरे कण बाहेर पडतात. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी 1919 मध्ये वस्तुमान वर्णपटलेखक उभा केला आणि 1922 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण ते यंत्र समस्थानिके मोजण्यासाठी होते. कण कुठून निघाला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. ते कर्तव्य पहिल्यांदा मानले पॅरिसजवळच्या ओर्से इथल्या रेमों कास्तें आणि जॉर्ज स्लोद्झियाँ यांनी. 1962 मध्ये त्यांनी आयन सूक्ष्मदर्शक मांडला. नमुन्यावर आयनांचा झोत टाकायचा, उडालेल्या दुय्यम आयनांची परस्परस्थिती भिंगांनी जपायची, वस्तुमानानुसार त्यांची निवड करायची आणि पडद्यावर थेट चित्र पाडायचे, अशी त्याची रचना होती. कामेका या फ्रेंच कंपनीने पुढे त्याच धर्तीची यंत्रे बाजारात आणली. धातुशास्त्रज्ञ आणि भूवैज्ञानिकांनी ती उचलून धरली. जीवशास्त्रज्ञांना मात्र त्यांचा उपयोग मर्यादित होता, कारण आयनांच्या त्या माऱ्यात मोठ्या रेणूंचे तुकडे होत आणि उरत ती मूलद्रव्ये व लहानसहान अवशेष.

नेदरलँड्समधला धागा तर अणुऊर्जेतून निघाला. याकोब किस्टेमाकर यांच्या नेतृत्वाखाली 1949 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला वस्तुमान वर्णपटलेखनाची प्रयोगशाळा सुरू झाली, ती युरेनियमची समस्थानिके विद्युतचुंबकीय पद्धतीने वेगळी करण्यासाठी. 1953 मध्ये तिथे काही मिलिग्रॅम समृद्ध युरेनियम हाती आले. हीच संस्था पुढे आमोल्फ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि अर्ध्या शतकानंतर रेणूंच्या नकाशांचे युरोपातले एक प्रमुख ठाणे झाली. अणुकार्यक्रम आणि वस्तुमानमापन यांची अशी सोयरीक भारतातही दिसते. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या भारतीय संघटनेचे घर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच आहे.

जर्मनीत वाट लेसरची होती. फ्रान्झ हिलेनकांप हे भौतिकशास्त्रज्ञ आणि राइमुंड काउफमान हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. या जोडीने सत्तरच्या दशकात लामा हे उपकरण घडवले आणि 1975 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लेसरचा किरण सूक्ष्मदर्शकातून ऊतकाच्या कापावर एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या ठिपक्यात आणायचा आणि तिथले कॅल्शियम, पोटॅशियम असे घटक मोजायचे, हा त्याचा हेतू. म्हणजे प्रतिमेची कल्पना आधीपासून होतीच. मोठे रेणू अखंड उडवण्याची युक्ती तेवढी नव्हती. ती फ्रांकफुर्टमध्ये जवळजवळ आडवाटेने सापडली. हिलेनकांप आणि मिखाएल कारास अमिनो आम्लांवर लेसर रोखत असताना त्यांच्या लक्षात आले, की एकट्या अ‍ॅलनिनला जी लेसरशक्ती पुरत नाही, तिच्यात ते ट्रिप्टोफॅनच्या मिश्रणात सहज आयनरूप घेते. ट्रिप्टोफॅन प्रकाश शोषून घेते आणि अ‍ॅलनिनला बरोबर घेऊन उडते. 1985 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि त्यातूनच माल्डी ही पद्धत उभी राहिली. नमुन्यात प्रकाश शोषणारे एक सेंद्रिय आम्ल मिसळायचे, त्याचे स्फटिक होऊ द्यायचे आणि मग लेसर मारायचा. 1988 मध्ये म्युन्स्टरहून या दोघांनी दहा हजार डाल्टनपेक्षा जड प्रथिने अखंड मोजल्याचे दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी जपानात शिमाद्झू कंपनीच्या कोइची तानाका यांनी निराळ्या मिश्रणाने तसेच काम केले होते. 2002 चे नोबेल तानाका यांच्याकडे गेले आणि हिलेनकांप व कारास वगळले गेले. नोबेल समितीने पहिला कोण याला वजन दिले; प्रयोगशाळांमध्ये आजही वापरात आहे ती मात्र जर्मन रीत.

माल्डीने चित्र काढण्याचा प्रयोग काउफमान यांच्याच ड्युसेलडॉर्फच्या परंपरेतून आला. बेर्नहार्ड श्पेंगलर यांनी 1994 मध्ये शिकागोच्या परिषदेत तो मांडला, पण परिषदेतल्या मांडणीकडे जाणारे लक्ष ते कितीसे! जगाने दखल घेतली ती टेक्ससचे रिचर्ड काप्रिओली यांच्या 1997 च्या निबंधाची. ऊतकातली पेप्टाइडे आणि प्रथिने थेट जागेवर कशी दिसतात, हे त्यात होते. काप्रिओली लवकरच व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि तिथली प्रयोगशाळा या विषयाची पंढरी झाली. मार्कुस श्टोएक्ली हे स्विस संशोधक तिथे काम करून बाझेलच्या नोव्हार्टिस कंपनीत परतले. दिलेले औषध शरीरात कुठवर पोचते हे पाहण्यासाठी त्यांनी हे तंत्र वापरले आणि चित्रे पाहण्याची बायोमॅप ही संगणक प्रणाली इतरांना मोफत दिली. लील इथे इसाबेल फुर्निए आणि मिशेल साल्झे, म्युनिकमध्ये विकृतिशास्त्रज्ञ आक्सेल वाल्ख, शेफील्डमध्ये माल्कम क्लेंच, अशी केंद्रे एकेक करून उभी राहिली.

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये या तंत्राची उमेदवारी मात्र रुग्णालयात नव्हे, चित्रसंग्रहालयात झाली. याप बोन यांच्या गटाने 1995 पासून जुन्या तैलचित्रांच्या रेणवीय वार्धक्याचा अभ्यास हाती घेतला होता. हेग इथल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात रेम्ब्रांटचे 1632 मधले डॉ. टुल्प यांच्या शरीररचनेच्या धड्याचे चित्र आहे. त्याच्या जतनाचे काम चालू असताना रंगाच्या थरातून वर आलेले बारीक पांढुरके दाणे दिसले. ती धूळ नव्हती की दुरुस्तीतली चूकही नव्हती. शिशाची रंगद्रव्ये आणि तेलातली मेदाम्ले यांच्यातून काळाच्या ओघात शिशाचा साबण तयार होतो, फुगतो आणि रंगाचा थर फोडून वर येतो, असा उलगडा संशोधकांनी केला. अशा प्रक्रिया थराथरांत पाहण्यासाठी दुय्यम आयनांची प्रतिमा अगदी सोयीची ठरते. रंगाचा मोहरीएवढा तुकडा राळेत बसवायचा, घासून सपाट करायचा आणि शिसे कुठल्या थरात, पामिटिक आम्ल कुठल्या थरात, ते चित्रात पाहायचे. काट्रीन कॉयना आणि बोन यांनी 2004 मध्ये रोखियर फान डेर वेडन यांच्या चित्राच्या अशाच छेदाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोन यांच्या या कामात सहभागी असलेले रॉन हेरेन हे भौतिकशास्त्रज्ञ त्यानंतर ऊतकांकडे वळले. 2004 मध्येच त्यांच्या गटाने ओर्सेची जुनी कल्पना माल्डीला लावून दाखवली. दोनशे मायक्रोमीटर रुंदीच्या लेसर ठिपक्यातून निघालेल्या आयनांची परस्परस्थिती राखून त्यांनी सुमारे चार मायक्रोमीटरचा तपशील मिळवला. त्या गटात लियम मॅकडॉनेल हेही होते; त्यांचे नाव पुढे महत्त्वाचे ठरते.

या टप्प्यावर युरोपात यंत्रे होती, माणसे होती, निबंधही निघत होते. पण एकाचे चित्र दुसऱ्याला पडताळता येत नव्हते. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची फाइल निराळी, आणि ती उघडायला त्याच कंपनीची प्रणाली लागे. नमुना तयार करण्याची रीत तर दर प्रयोगशाळेला वेगळी. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते, म्हणून जवळून पाहण्याजोगी आहे. ऊतक गोठवताना सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या सवयीने आधारद्रव वापरला, तर त्यातल्या बहुवारिकाच्या खुणा वर्णपटात भरून राहतात आणि ऊतकाचे रेणू त्याखाली दडपले जातात. काप उणे वीस अंशांच्या आसपास कापायचा, वीजवाहक लेप दिलेल्या काचेवर तो सुरकुती न पडता बसवायचा, मग त्यावर आम्लाचा फवारा द्यायचा. फवारा ओला झाला तर रेणू विरघळून शेजारच्या भागात पसरतात आणि नकाशा खोटा पडतो. कोरडा झाला तर रेणू ऊतकातून बाहेरच येत नाहीत. स्फटिक जाड झाले, तर लेसर कितीही बारीक असला तरी तपशील स्फटिकाच्या आकाराचाच मिळतो. एकाच मेंदूचे काप दोन गावांना पाठवले तर दोन निराळी चित्रे परत येण्याची धास्ती होती, ती या सगळ्यामुळे.

युरोपातल्या धुरिणांचे वेगळेपण इथे दिसते. अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगशाळेभोवती विषय वाढला. युरोपात कोणा एकाकडे सगळे काही नव्हते, त्यामुळे नेतृत्व करणे म्हणजे इतरांना एका मेजाशी आणून बसवणे, असाच त्याचा अर्थ झाला. युरोपीय संघाच्या निधीतून चाललेल्या काँप्युटिस या प्रकल्पात गीसेन, अ‍ॅम्स्टरडॅम, जिफ-सुर-इव्हेत आणि बाझेलचे गट एकत्र आले आणि त्यांनी आयएमझेडएमएल हे सामाईक फाइलस्वरूप ठरवले. त्यात दोन फाइली असतात: माणसालाही वाचता येईल अशा एका फाइलीत प्रयोगाचे वर्णन आणि प्रत्येक ठिपक्याचा पत्ता, तर दुसरीत निव्वळ आकडे. दोन्हींची फारकत होऊ नये म्हणून दोन्हींत एकच ओळखक्रमांक. 2012 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. यात बुद्धीला दिपवणारे काही नाही; पण एखाद्या नव्या आयनस्रोतापेक्षा या कंटाळवाण्या कराराने विषयाचे अधिक भले केले, असे म्हणायला जागा आहे.

त्याचा पडताळा 2015 मध्ये आला. आंद्रेआस रोम्प आणि सहकाऱ्यांनी युरोप व अमेरिकेतल्या पाच प्रयोगशाळांमध्ये उंदराच्या मेंदूचे काप मोजून घेतले. यंत्रे पाच तऱ्हांची होती: साध्या उड्डाणकाल मापकापासून ऑर्बिट्रॅपपर्यंत आणि आयनसमूहांचा मारा करणाऱ्या यंत्रापर्यंत. सगळे आकडे त्या सामाईक स्वरूपात आणून एकाच खुल्या प्रणालीत, एकाच मापदंडाने दाखवले गेले. तपशिलाचा बारकावा यंत्रागणिक बदलत होता, पण मेंदूचे दोन अर्ध जोडणारा तंतुपट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, पाचही ठिकाणच्या चित्रांत उमटला होता.

संघटनेचा भाग मॅकडॉनेल यांनी सांभाळला. ते तोवर लायडनच्या विद्यापीठ रुग्णालयात गेले होते. आरोग्य संशोधनासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग या विषयावरचे युरोपीय जाळे त्यांच्या अध्यक्षतेखाली 2012 च्या सुमारास सुरू झाले आणि 2016 पर्यंत चालले. कॉस्ट या योजनेतून त्याला पैसा मिळे, आणि त्या योजनेची एक मेख आहे: ती संशोधनाला छदामही देत नाही. पैसे मिळतात ते बैठकींना, प्रशिक्षण शिबिरांना आणि तरुण संशोधकांनी काही आठवडे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाऊन राहण्याला. फवारा किती ओला असावा हे निबंधात लिहून कळत नाही, शेजारी उभे राहून कळते; त्या अर्थी ही योजना या विषयाच्या प्रकृतीला नेमकी मानवली. छोट्या देशांतल्या, महागडे यंत्र न परवडणाऱ्या गटांनाही तिच्यामुळे दार उघडले.

याच सुमारास, 2012 मध्ये, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या ओरेन्से या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध गावात या मंडळींची परिषद भरली. गावाच्या नावावरून तिला आउअरकॉन म्हणू लागले आणि गाव बदलले तरी नाव टिकले. 2014 मध्ये ती तुर्कस्तानच्या अंताल्यात, 2015 मध्ये इटलीतल्या पिसात, 2016 मध्ये पोलंडच्या उस्त्रोनमध्ये आणि 2017 मध्ये नेदरलँड्सच्या डोर्नमध्ये झाली. पिसाची निवड योगायोगाची नव्हती. मॅकडॉनेल आता तिथल्या संस्थेत काम करत होते.

दरम्यान केंद्रेही हलली. हेरेन 2014 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम सोडून मास्ट्रिख्टला गेले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जाणकार पीटर पीटर्स यांच्यासह त्यांनी तिथे रेणवीय प्रतिमांची संस्था उभारली, तीही विद्यापीठाच्या वैद्यकीय आवारात. म्युन्स्टरमध्ये हिलेनकांप यांच्या मागून आलेल्या येन्स झोल्टविश आणि क्लाउस ड्राइझेवेर्ड यांनी 2015 मध्ये दुसऱ्या लेसरने आयनांचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढवण्याची युक्ती दिली. हिलेनकांप आदल्याच वर्षी वारले होते. 2017 मध्ये गीसेनहून श्पेंगलर यांच्या गटाने 1.4 मायक्रोमीटरच्या तपशिलाची माल्डी चित्रे प्रसिद्ध केली.

राहिला प्रश्न ओळखीचा. ठिपक्यावर एक वस्तुमान मिळाले. पण तो रेणू कोणता? एकाच वस्तुमानाला अनेक दावेदार असतात, आणि पूर्वी हे नाव देण्याचे काम बरेचसे संशोधकाच्या अंदाजावर चाले. हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत थिओडोर अलेक्सांद्रोव यांच्या गटाने मेटास्पेस ही खुली व्यवस्था उभी केली. तिची पद्धत 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. ऊतकात असणे शक्यच नाही अशा मूलद्रव्यांचे आयन जोडून बनवलेली खोटी नावे ती खऱ्या नावांच्या बरोबरीने शोधते. खोटी जितकी सापडतील, त्यावरून खऱ्यांच्या यादीतल्या चुकांचे प्रमाण काढते. संशोधक आपले नकाशे तिच्यावर चढवतात आणि इतरांसाठी खुलेही ठेवू शकतात. ते चढवायचे स्वरूप तेच, गीसेन-अ‍ॅम्स्टरडॅमच्या मेजावर ठरलेले दोन फाइलींचे.

2018 मध्ये आउअरकॉन पहिल्यांदा अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या चार्ल्सटनला भरली आणि 2019 मध्ये फ्रान्सच्या सँ-मालोला परतली.