परिमाणवाचक शब्दप्रयोग (शिरूर-दौंड)

जमीन व शेतमालाचे मोजमाप सांगणारे बोलीतील व लेखी शब्दप्रयोग. पुणे जिल्ह्यातील घोड-भीमा खोऱ्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत जमीन बोलताना एकर-गुंठ्यांत सांगतात. सातबारा उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते.

जमीन : ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे १ गुंठा (१,०८९ चौ. फूट). ४० गुंठ्यांचा १ एकर होतो. १०० चौ. मीटरचा १ आर व १०० आरचा १ हेक्टर. १ एकर सुमारे ४०.४७ आर भरतो. एकराचे ४० गुंठे असल्याने सव्वा एकर म्हणजे १ एकर १० गुंठे, तर पावणेदोन एकर म्हणजे १ एकर ३० गुंठे. २ एकर २० गुंठे हे क्षेत्र दशांशात २.५० एकर होते, ते २.२० लिहिल्यास १२ गुंठे कमी पडतात. हेक्टर-आरमध्ये ही अडचण नाही : २ हेक्टर २० आर म्हणजे २.२० हेक्टरच.

शेतमाल : ऊस टनांत, धान्य क्विंटलमध्ये (१०० किग्रॅ.) व दूध लिटरमध्ये मोजतात. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने दशमान पद्धत आली, तरी पायली (४ शेर) हे धान्याचे जुने माप बोलण्यात आढळते.

लेखन : संख्येनंतर किलो, टन, लिटर, एकर ही एककवाचक नामे बदलत नाहीत, गुंठा व पायली यांचे मात्र गुंठे, पायल्या असे अनेकवचन होते. मापानंतर पदार्थाचे नाव थेट येते (पाच लिटर दूध). इंग्रजीत मात्र या दोहोंच्या मध्ये ‘ऑफ’ लागतो. खरेदीखत, पावती वा अर्जात अंकांसोबत एकक लिहिणे आवश्यक असून, रक्कम व क्षेत्र अक्षरीही लिहिल्यास संदिग्धता टळते.