बीड रस्त्यावरचा ट्रक

२६ एप्रिल १९९३. भर दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईकडे निघालं. आत ११८ माणसं. धावपट्टी संपली तरी विमानाने पुरेशी उंची घेतली नव्हती. पलीकडच्या बीड रस्त्याने कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावी चाकं त्याला धडकली. तीनेक किलोमीटर पुढे विजेच्या तारांवर आदळून विमान कोसळलं. ५५ जण दगावले.

चौकशीत दोष दोघांवर आला. वैमानिकाने विमानाचं नाक उशिरा उचललं, तेही चुकीच्या पद्धतीने. आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने थांबवली नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरलं, आणि मराठवाड्याच्या आठवणीत १९९३ म्हणजे भूकंप एवढंच उरलं.

नाक उशिरा उचलण्याची सवय एका दिवसात लागत नाही. विमान सुखरूप उतरलं की मात्र ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ब्लॅक बॉक्समध्ये नोंद असते, पण पेटी उघडायची ती अपघातानंतर, असाच जगभर रिवाज होता. ब्रिटिश विमान कंपन्यांनी १९६०च्या दशकातच तो मोडायला घेतला: रोजच्या सुखरूप उड्डाणांच्या नोंदीही तपासायच्या, कुठे वेग चुकला, कुठे नाक उशिरा उठलं ते पाहायचं. शेतकऱ्याला हे नवं वाटू नये. पीक कापणी प्रयोग काय फक्त बुडालेल्या शेतात होतो? पैसेवारी चांगल्या सालीही निघतेच.

अशा नोंदींत मराठवाड्याचं ऊनही मोजावं लागतं. तापलेली हवा विरळ होते. पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोरही घटतो. मे महिन्यात जे वजन जड जातं, ते डिसेंबरात सहज उचललं जातं.

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि लगेच खाली येऊन विजेच्या तारांत अडकून पडलं. सगळे बचावले. पुन्हा उन्हाळा, पुन्हा उड्डाणाचीच वेळ, पुन्हा तारा. दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत.

१ जानेवारी २००५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने कंपन्यांना रोजच्या उड्डाणांच्या नोंदी तपासणं सक्तीचं झालं, पण २७ टनांहून जड विमानांसाठी. २० टनांपुढच्या विमानांसाठी नुसती शिफारस. निलंग्याच्या महिनाभर आधी, २७ एप्रिल २०१७ला, ‘उडान’ योजनेतून नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली. त्या मार्गावरचं एटीआर विमान पूर्ण भारासह साधारण २३ टनांचं होतं.