करवतीचा खर्च कोणी करायचा? शाळेतल्या हातकामाचा आणि त्याच्या पैशाचा इतिहास

आयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘शालेय विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष कृतीतून विज्ञान-तंत्रज्ञान आणि व्यवसायाशी जोडलेलं शिक्षण’. नाव लांबलचक आहे, म्हणून मी तो एका साध्या प्रश्नात बसवून घेतला. शाळेत करवत आणायची, तर तिचा खर्च कोणी करायचा? आणि ती बोथट झाल्यावर धार लावायचा खर्च कोणी करायचा? आजचं सगळं व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती आहे. त्यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, हे आधीच सांगून ठेवतो.

मालवणात हा विषय काढण्याला कारण आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण दुसरा एक आकडा बघा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती साडेआठ लाखांच्या किंचित खाली आली. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. म्हणजे मुलं उत्तम पास होतात आणि एस्टी नाहीतर रेल्वे पकडतात. ही शाळेची चूक, असं मी म्हणणार नाही. पण शाळेत आपण कशासाठी पैसा घातला आणि कशासाठी घातला नाही, याचा याच्याशी संबंध आहे.

सुरुवात एकोणिसाव्या शतकापासून करू. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा ‘लोकल फंड’ बसवला गेला. त्याचा एक तृतीयांश शिक्षणाला आणि उरलेला रस्ते वगैरे कामांना, अशी वाटणी होती. म्हणजे गावच्या शाळेचा पैसा शेतकऱ्याच्या खिशातून जात होता. त्या पैशाने शिकवलं काय जात होतं? वाचन, लेखन, हिशेब. हे वाईट नव्हतं, पण तेवढंच होतं.

यावर पहिला नेमका आक्षेप घेतला महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवलं, त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला आपण नेहमी सांगतो : पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्यांना. दुसरा सहसा कोणी सांगत नाही. खेड्यातल्या शाळेचा अभ्यासक्रम व्यवहारोपयोगी असावा, त्यात शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान असावं, आणि शेतीच्या धड्यांना जोडून एक छोटी नमुना-शेती असावी, जिथे मुलं प्रत्यक्ष काम करून शिकतील, असं फुले सुचवतात. आज आपण ज्याला ‘हँड्स-ऑन’ म्हणतो, त्याची मागणी या मातीत १८८२ साली झालेली आहे. ती परदेशातून आलेली नवी कल्पना नाही.

हंटर आयोगानेही माध्यमिक शाळेत दोन वाटा कराव्यात असं सुचवलं, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहाराकडे. दुसऱ्या वाटेने फारसं कोणी गेलंच नाही. सरकारी नोकरीचा दरवाजा मॅट्रिकच्या किल्लीने उघडत होता. सुतारकाम येणाऱ्याला त्या दरवाजाशी कोणी विचारत नव्हतं. पालक मूर्ख नव्हते, त्यांनी बरोबर हिशेब केला.

मग तंत्रशिक्षणाला पैसा मिळालाच नाही का? मिळाला, पण मुंबईत. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपली व्हीजेटीआय, सुरू झाली. तिच्या पाठीशी सरकार होतं आणि गिरणीमालकांचा पैसाही होता. का होता? कारण यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा माणूस त्यांना हवा होता आणि तो विलायतेहून आणणं महाग पडत होतं. इथे या इतिहासातला पहिला नियम हाती लागतो : ज्याला कारागीर हवा असतो तोच त्याच्या शिक्षणाला पैसा देतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे बघा. इथे कारागीर कोणाला हवा होता? एका रापणीला, एका होडीवाल्याला, एका काथ्याच्या व्यवसायाला, एका बागायतदाराला. हे सगळे छोटे. गरज सगळ्यांना, पण एकट्याने शाळेला कार्यशाळा बांधून देण्याइतका मोठा कोणीच नाही. त्यामुळे होडी बांधणारा सुतार मुलाला किंवा पुतण्याला शिकवायचा, तांडेल आपल्या पोराला वारा आणि पाण्याचा रंग ओळखायला शिकवायचा. हे ज्ञान शाळेच्या बाहेरच राहिलं.

आणि शाळांना पैसा कुठून आला? मुंबईहून. कोकणातला माणूस गिरणीत, गोदीत, पेढीवर गेला आणि त्याने मनीऑर्डर पाठवली. घर चाललंच, शिवाय गावोगावच्या मंडळांनी मुंबईत बसून वर्गणी काढली आणि गावात हायस्कूल उभं केलं. हा आपल्या जिल्ह्याचा फार मोठा वारसा आहे, त्याला नमस्कारच केला पाहिजे. पण मुंबईहून आलेल्या पैशाला एक दिशा होती. मुलगा मॅट्रिक व्हावा आणि आपल्यासारखा हमाली किंवा साचा न धरता टेबलावर बसावा. हातांनी झिजलेल्या माणसाने पाठवलेला पैसा हातकामासाठी खर्च व्हावा, ही अपेक्षाच चुकीची होती.

पुढचा टप्पा १९३७ चा. ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलं की शिक्षण एखाद्या उद्योगाभोवती व्हावं, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. म्हणजे पैशाच्या प्रश्नाला त्यांनी थेट उत्तर दिलं : करवतीचा खर्च करवतीनेच काढायचा! झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली, पण त्याच अहवालात इशाराही दिला की कमाईच्या नादात शिक्षण बाजूला पडू नये. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ होतं. खेर मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या काळात मूलोद्योगी शाळांचे प्रयोग सुरू झाले. आजही जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण’ हे शब्द दिसतात. ते त्या काळाचे अवशेष. टकळी गेली, पाटी राहिली.

का गेली? लहान मुलाने कातलेल्या सुतातून मास्तरांचा पगार निघत नाही. निघायचा असेल तर मुलाला इतकं राबवावं लागेल की ती शाळा राहणार नाही, कारखाना होईल. पैसा निघेना तेव्हा सरकारने पगार दिला, पण कापूस, अवजारं, दुरुस्ती यांची तरतूद पातळ होत गेली. म्हणून दुसरा नियम : मुलाच्या कमाईवर शाळा चालत नाही. त्या कमाईतून साहित्याचा थोडा भार हलका होतो, एवढंच.

इथे एक आक्षेप मी स्वतःच मांडतो. बरेच जण मनात तो धरून बसलेत, हे चेहऱ्यांवरून दिसतंय. ‘गरिबाच्या पोराला करवत आणि श्रीमंताच्या पोराला इंग्रजी, असंच ना?’ आक्षेप खरा आहे. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींनी अशीच योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. लोक संतापले. हे जातीचं शिक्षण आहे, म्हणाले. पुढच्याच वर्षी योजना मागे घ्यावी लागली. बरंच झालं.

पण याच प्रश्नाचं वेगळं उत्तर आपल्याच जिल्ह्यात एका माणसाने दिलं होतं. अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम सुरू केला. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणं, मैल्यापासून सोनखत करणं, गोबर गॅस, हे त्यांचे प्रयोग. ब्राह्मण घरात जन्मलेला, प्राध्यापकी केलेला माणूस, आणि त्याने नेमकी तीच कामं हातात घेतली जी समाजाने जातीच्या नावाने दुसऱ्यावर ढकलली होती. त्यामागचा अर्थ मी असा लावतो : काम वाईट नसतं, ते एकाच्याच वाट्याला येणं वाईट असतं. शाळेत हातकाम आणायचं तर ते प्रत्येक मुलाला हवं. डॉक्टरांच्या मुलीनेही वेल्डिंग करावं आणि खलाशाच्या मुलानेही रक्तगट तपासायला शिकावं.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल : कागदी फुलं, मेणबत्त्या, खडू. आमच्या शाळेत अवजारांचं एक कपाट होतं. त्याची किल्ली कायम ऑफिसात, कारण काही मोडलं तर भरपाई कोण देणार? अवजार एकदा घेतलं होतं, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून ते वापरायचंच नाही असं ठरलं. कार्यानुभवाचा तास शेवटी गणिताला गेला.

त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे. त्यांनीच उभारलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत पीएच. डी. केलेले, हिंदुस्तान लिव्हरमधले अन्नतंत्रज्ञ. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम रचला. त्यात चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग सगळ्यांना. शिकवायला गावातलाच जाणता कारागीर. आणि मुलं जे शिकतात त्याची गावाला सेवा द्यायची, त्याचे माफक पैसे घ्यायचे. पुढे राज्याच्या परीक्षा मंडळाने हा विषय मान्य केला आणि तो दुसऱ्या शाळांतही गेला.

कलबागांनी आधीच्या चुका टाळल्या, हे लक्षात घ्या. जातीचा धंदा नाही, चार विभाग सगळ्यांना. कमाईवर पगार नाही, कमाईतून साहित्य. आणि विषय परीक्षेत आला, त्यामुळे तास कोणी पळवू शकत नाही. तरीही शाळा वाढल्या की कारागीर-शिक्षकाचं मानधन दर महिन्याला कोण देणार, हा प्रश्न आलाच. देणगीदार यंत्राला पैसे देतो, यंत्रावर आपल्या नावाची पट्टी लागते. मानधनावर पट्टी लागत नाही.

आज काय आहे? २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपये : १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षं चालवायला. थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. समग्र शिक्षा योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के या प्रमाणात नववी-दहावीला व्यवसाय विषय आहेत. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की सहावीपासून हातकामाची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना. हे सगळं चांगलं आहे. चालवण्याच्या खर्चाचा वेगळा आकडा लिहिला जातोय, ही तर मोठी सुधारणा. पण सहाव्या वर्षी काय? खाऱ्या हवेत लोखंड किती टिकतं, हे मालवणात मी सांगायला नको.

याचं उत्तर पुण्या-मुंबईत शोधण्याआधी आपल्या किनाऱ्यावर बघू. रापणीची वाटणी कशी होते? ओढणाऱ्याचा वाटा असतो, तसाच होडीचा असतो आणि जाळ्याचाही असतो. जाळं काही मासे खात नाही. पण ते फाटणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मासळी किनाऱ्यावर आली की त्याचा वाटा आधीच धरलेला असतो. जी रापण जाळ्याचा वाटा खाऊन टाकते ती पुढच्या हंगामात किनाऱ्यावर बसते.

शाळेच्या कार्यशाळेलाही जाळ्याचा वाटा हवा. आणि तो देणारे आज आहेत. पूर्वी किनाऱ्यावर मोठा मालक नव्हता, आजही नाही, पण छोटे पुष्कळ झालेत. होडीवर डिझेल इंजिन आहे, जीपीएस आहे, फिश फाइंडर आहे. हा यंत्र दाखवतो तो आवाजाचा प्रतिध्वनी. नववीच्या पुस्तकातला धडा होडीवर रोज चालतो! तारकर्लीला स्कूबाचं प्रशिक्षण आहे, घरोघरी पर्यटकांच्या खोल्या आहेत, त्यांना प्लंबर, वायरमन, सोलरवाला लागतो. काजू, आंबा, कोकमाचे प्रक्रिया उद्योग आहेत. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि गंजिफा आहे. यातला एकटा कोणी कार्यशाळा बांधणार नाही. पण मच्छीमार सोसायटी, पर्यटन व्यावसायिक, बागायतदार, ग्रामपंचायत आणि मुंबईचं मंडळ मिळून तिच्या दुरुस्तीचा आणि एका कारागीर-शिक्षकाच्या मानधनाचा वाटा दरवर्षी काढू शकतात. उभारणी सरकारने करावी, ते त्याचं कामच आहे. वाटा आपण काढायचा.

मुंबईच्या मंडळांना विशेष विनंती. तुमच्या आजोबांनी मुलगा बाहेर पडावा म्हणून पैसा पाठवला. त्यांचं बरोबर होतं. आता थोडा पैसा असा पाठवा की ज्याला इथे राहायचंय त्याला राहता यावं. जाणारा जाईलच, त्यालाही हाताची अक्कल उपयोगीच पडेल.

माझ्या शाळेतलं ते कपाट अजून आहे. मध्यंतरी गेलो होतो तेव्हा पाहिलं. किल्ली सापडली, कुलूप गंजलेलं. दोन मुलांनी तेल घालून ते उघडलं, बराच वेळ खटपट करून. त्या दिवशी त्या दोघांनी जे शिकलं ते कुठल्या पेपरात येणार नाही. प्रश्न असतील तर जरूर विचारा.