कुलूपबंद कपाट आणि तीन पुस्तके

मी शिकलो त्या शाळेत ग्रंथालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट. विज्ञानाचे पुस्तक मागितले की उत्तर मिळे, 'तुला कशाला रे ते? परीक्षेत येणार आहे का?' आज माहूरला मीच शिकवतो. मुले विचारतात, सर, परीक्षेचे नसलेले, गोडीने वाचावे असे काही सांगा. या मागणीमागे इतिहास आहे.

निजामी राजवटीत १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. रसायन, गणित, वैद्यकसुद्धा तिथे उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेत विज्ञान मावते हे तेव्हाच सिद्ध झाले. पण ती भाषा दरबाराची होती, आमच्या वस्तीची नव्हे. आमच्यासाठी उच्च शिक्षणाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९५० साली, बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा.

म्हणून मी आधी जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा आसूड' हाती देतो. १८८३ साली लिहून पुरे झालेले हे पुस्तक आपण चळवळीचे म्हणूनच वाचतो. पण त्यात माती-पाण्याचे शास्त्र आहे. ताली-बंधारे घाला, पाऊस शेतात मुरवा, मातीचे सत्त्व वाहून जाऊ देऊ नका, आणि या कामाला सरकारने फौज-पोलिसांतली जादा माणसे लावावीत, असे जोतीराव सांगतात. त्यांच्या हयातीत ते पूर्ण छापलेही गेले नाही. माहूरच्या उतारावरची माती पैनगंगेकडे जाताना रोज पाहणाऱ्या पोराला हे पुस्तक घरचे वाटते.

दुसरे, वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर', १९८१ चे. गुलामीत जन्मलेला हा काळा मुलगा. एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि कातडी पाहून दारातून परत पाठवले. हा प्रसंग आमच्या मुलांना समजावून द्यावा लागत नाही. पुढे टस्कीगीला त्याने कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी लावायला शिकवले. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात. १९०६ पासून घोडागाडीवरची शाळाच खेड्यांत फिरली. मात्र कार्व्हर सोसत राहिला, भांडला नाही. 'बघा, तो कसा गप्प राहून मोठा झाला' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तके तिसरी. वनखात्यात नोकरी करीत त्यांनी आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावे गोळा केली. रानातल्या माणसाची भूक मला त्यांत कमी दिसते. तरी मोहफुले वेचणाऱ्या आईला जे तोंडपाठ होते ते ज्ञानच होते, हे मला त्यांच्याच पानांवर कळले.

माझ्या वर्गातले कपाट उघडे असते. गेल्या पावसाळ्यात एकाने 'कार्व्हर' नेले. ते आता तिसऱ्या घरात आहे, आणि मी मागितलेले नाही.