टॅपेट वाजतोय: गाडी थंड असताना की तापल्यावर?

सिन्नरहून माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा असेल. हिवाळ्यात पहाटे मोटारसायकल सुरू केली की इंजिनाच्या वरच्या भागातून बारीक टिक-टिक ऐकू येते आणि दोन-तीन किलोमीटर गेलं की ती बसते. काहींच्या गाडीचं उलटं असतं. सकाळी गाडी गप्प, पण नाशिकहून येताना मोहदरी घाट चढून वर आलं की वाजायला लागते. गॅरेजवर मात्र दोघंही एकच सांगतात, "टॅपेट वाजतोय, जरा टाइट करून द्या."

टाइट केल्यावर आवाज जातो. कधीकधी त्याच्यासोबत व्हॉल्व्हही जातो.

इंजिनाच्या हेडमध्ये किमान दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येतं, दुसऱ्यातून जळलेला धूर बाहेर जातो. कॅम फिरतो, रॉकर दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. मेकॅनिक तिला टॅपेट गॅप म्हणतात. छोट्या मोटारसायकलीत ही फट मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे वहीच्या एखाद्या पानाच्या जाडीइतकी. बऱ्याच चारचाकींत एक्झॉस्ट बाजूला ती ०.२५ ते ०.३० मिमी असते.

ही फट ठेवायची कारण तापलेला धातू वाढतो. पण सगळे भाग सारखे तापत नाहीत आणि सगळे धातू सारखे वाढत नाहीत. तापमान तेवढंच वाढलं तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं.

चारचाकीचं एक ढोबळ गणित करू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोलादी, लांबी १०० मिमी. तो सरासरी २५० अंशांनी तापला तर साधारण ०.३० मिमी लांब होतो. भोवतालचं हेड ॲल्युमिनियमचं, पण पाण्याने थंड होणारं. ते ७० अंशांनीच तापलं असं धरा, तर तेवढ्याच उंचीत ते ०.१६ मिमी वाढतं. फरक उरतो ०.१४ मिमी आणि तेवढी फट कमी होते. म्हणून अशा इंजिनात टॅपेट थंड असताना वाजतो आणि तापल्यावर शांत होतो.

जुन्या बुलेटमध्ये हेच गणित उलटं फिरतं. तिचा कॅम खाली असतो आणि लांब पुशरॉड वरच्या रॉकरला ढकलतात. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड मिळून उंच होतात, रॉकर वर सरकतो आणि फट वाढते. यासाठी कंपनीने पुशरॉडही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दिले, म्हणजे तेही सोबत वाढतील. तरीही या गाडीचा टॅपेट थंड इंजिनावर शून्य फटीला लावतात. पुशरॉड दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आता हीच सेटिंग कुणी तापलेल्या इंजिनावर केली तर? इंजिन थंड झाल्यावर पुशरॉड ताठ बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि सकाळी किक मारून मारून पाय दुखतो. २००९ मध्ये आलेल्या क्लासिकच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते. ते ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढतात. त्यामुळे तिथे स्क्रू पिळायचा प्रश्नच नव्हता. अशा इंजिनात सकाळी काही सेकंद टिक-टिक आली तर बहुधा रात्रभरात टॅपेटमधलं ऑइल उतरलेलं असतं.

म्हणूनच टॅपेट थंड इंजिनावर तपासतात. पाळी सुटल्यावर गाडी थेट गॅरेजवर नेली आणि दहा मिनिटांत झाकण उघडलं, तर फिलर गेज जे माप दाखवेल ते कंपनीच्या मापाशी जुळवण्यात अर्थ नाही. गाडी रात्री गॅरेजवर सोडा आणि सकाळी काम करून घ्या. मेकॅनिक अर्धा तास थांबायला सांगत असेल तर तेही कमीच आहे.

आता टाइट करण्याबद्दल. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त तापतो. त्याची बरीचशी उष्णता, तो मिटून सीटवर बसलेला असतो तेवढ्या वेळात, सीटमधून हेडमध्ये जाते. फटच उरली नाही तर तापलेला व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही. उष्णता अडकते आणि वर त्याच्या कडेवरून पेटता वायू निसटत राहतो. कड जळते, कंप्रेशन जातं, घाटात गाडी ओढत नाही. या सगळ्यात आवाज मात्र काहीच येत नाही. मग हेडचं काम निघतं आणि त्याचा खर्च टॅपेट सेटिंगच्या कितीतरी पट असतो. सैल टॅपेट कटकट करतो, थोडी ताकद खातो, वर्षानुवर्षं सैलच ठेवला तर कॅम-रॉकर झिजवतो. पण निदान तो सांगून त्रास देतो. दोन्हींपैकी एकच निवडायचा झाला तर मी किंचित वाजणारा टॅपेट निवडेन.

सीएनजीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. सीएनजी कोरडा असतो, पेट्रोलच्या थेंबांमुळे मिळणारा थंडावा त्यात नसतो. त्यामुळे व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे गाडी दिवसेंदिवस शांत होते आणि मालक खूश! सीएनजी रिक्षा किंवा कारमध्ये आवाज नसला तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला टॅपेट तपासून घ्यावा.

आवाज नक्की टॅपेटचाच आहे का, हे थोडं कानानेही कळतं. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला इंजिन १४०० फेऱ्यांवर असेल तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण १२ वेळा टिकटिकतो. पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडचा आवाज त्याहून भरीव असतो, खालून येतो आणि जोर लागला की वाढतो. टॅपेटची टिकटिक रेसबरोबर जलद होते, पण चढावर तिचा सूर फारसा बदलत नाही. टायमिंग चेन सैल असेल तर टिक-टिक न येता खरखर येते.

गॅरेजवर "टाइट करा" म्हणण्याऐवजी आवाज थंड असताना येतो की तापल्यावर, आणि गाडी शेवटची कधी तपासली होती, एवढं सांगा. ऑइलची पातळीही आधी बघून घ्या. ऑइल कमी झालं की वरचा भाग सगळ्यात आधी कोरडा पडतो आणि तोही असाच वाजतो.