यंत्राचा पहारा, माणसाचे अवधान

डहाणू-तलासरीत विमानतळ नाही. तरीही चिकूच्या वाडीत किंवा झाईच्या किनाऱ्यावर उभे राहून वर पाहिले, की मुंबईकडे उतरणीला लागलेली विमाने दिसतात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा माणूस मात्र कुणाला दिसत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून समुद्रातील तेलक्षेत्राकडे निघालेल्या हेलिकॉप्टरचा नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. त्याचे अवशेष डहाणूजवळच्या समुद्रात सापडले. आतले सातही जण गेले. अशा बातमीनंतरच त्या अदृश्य कक्षाची आपल्याला आठवण होते.

हवाई वाहतूक नियंत्रणाची जुनी पद्धत आपल्या रेल्वेसारखीच होती. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लियर’ दिल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नसे. इथे नियंत्रक वैमानिकाचे बोलणे ऐकून प्रत्येक विमानाची उंची आणि वेळ कागदी पट्टीवर लिहीत असे. दुसऱ्या महायुद्धात रडार आले आणि माणूस पडद्यासमोर बसला. तो तिथे किती वेळ सावध राहू शकतो, हे ब्रिटनच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी तपासले. त्यांचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा क्वचित दुप्पट उडी घेई आणि तेवढी टिपायची. अर्ध्या तासातच चुका वाढल्या. १९५१ मध्ये अमेरिकेत पॉल फिट्स यांच्या समितीने हवाई नियंत्रणात माणसाला काय चांगले जमते आणि यंत्राला काय, याची यादीच केली. सतत टक लावून पाहणे हे माणसाचे बलस्थान नव्हे, हे तेव्हाच कळले होते.

आपल्याकडे हा धडा फार महाग पडला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान ठरवून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली आले होते. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावरच विसंबावे लागे. त्यानंतर उंची दाखवणारे रडार आले, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

पण त्या यंत्रणेनेही नवा पेच उभा केला. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील उबरलिंगेनवर दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली. रशियन विमानातील यंत्र म्हणाले, ‘वर जा’. झुरिचचा नियंत्रक म्हणाला, ‘खाली या’. वैमानिकांनी माणसाचे ऐकले आणि ७१ जीव गेले. त्या रात्री तो नियंत्रक एकटाच दोन पडदे सांभाळत होता. देखभालीमुळे फोन बंद होते. २००४ मध्ये एका शोकाकुल पित्याने त्याची हत्या केली. २००७ मध्ये न्यायालयाने त्याच्या संस्थेतील चौघांना दोषी ठरवले. म्हणजे दोष शेवटच्या खुर्चीपुरता नव्हता. पण हे ठरेपर्यंत त्या खुर्चीतला माणूस उरला नव्हता.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच बजावले होते, की सोपे काम यंत्राला दिले तर माणसाकडे अवघड तेवढेच उरते, आणि त्याचा सराव मात्र सुटतो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत याचा अनुभव आला. उड्डाणांचे संदेश आपोआप पोहोचवणारी यंत्रणा बिघडली आणि ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला. नियंत्रकांना उड्डाणांचे आराखडे हातांनी हाताळावे लागले. गर्दीच्या मुंबईतही त्याची झळ पोहोचली. ज्या मुंबईत ५ जून २०१८ रोजी चोवीस तासांत १,००३ विमानांची ये-जा झाली, तिथे थोडा खोळंबाही लगेच जाणवतो.

आपल्या कीर्तनकारांना ‘अवधान’ हा शब्द फार प्रिय. ते मागावे लागते, कारण ते टिकत नाही. नियंत्रकाला पुरेशी विश्रांती, जोडीला दुसरा माणूस आणि हातांनी काम करण्याचा सराव देणे ही चैन नव्हे. यंत्राच्या किमतीत या गोष्टींचाही हिशेब धरला पाहिजे. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाचा भरवसा त्यावरच आहे.